शोरूमला सोडू की पडवीत उघडू?

प्रश्न : काका, मी जांबोटीजवळच्या खेड्यातला. बेळगावच्या उद्यमबागेत कामाला आहे, मोटारसायकलनं रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर पडतात. गाडी १२५ सीसीची, घेऊन दीड वर्ष झालं. मोफत सर्व्हिसिंग संपल्या. परवा शोरूमनं २४०० रुपयांचं बिल हातात दिलं. ऑईल सोडलं तर काय केलं ते कळलंच नाही, आणि आठवडाभरात चेन पुन्हा खडखडायला लागली. आता सगळं घरीच करावं म्हणतो. वॉरंटीचं काय होईल?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आठवडाभरात चेन खडखडली म्हणतोस, आधी त्याचाच हिशेब बघ. रोज ६० म्हणजे महिन्याला दीड हजार किलोमीटर. चेन साधारण ५०० किलोमीटरला पुसून तेल मागते, म्हणजे तुला आठ-नऊ दिवसांनी. पावसाळ्यात वाटेतल्या किणयेच्या पुढं तांबडा चिखल उडायला लागला की त्याच्याही आधी. शोरूमची पाळी येते दोन-दोन महिन्यांनी. मधल्या दिवसांत त्या चेनीला तू सोडून कोण बघणार? शोरूम चालू ठेवलंस तरी हे काम तुझ्याच गळ्यात आहे.

वॉरंटी शिल्लक असेपर्यंत हँडबुकात दिलेल्या किलोमीटरवर किंवा दिवसांवर, जे आधी येईल त्यावर, शोरूमची सर्व्हिसिंग चुकवू नको आणि बिलं जपून ठेव. चेन पुसल्यानं, हवा तपासल्यानं वॉरंटी जात नाही.

आता चेन. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलला, चावी काढून खिशात. चाक हातानंच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणारे मी पाहिलेत. फडकं ओढलं जातं आणि त्याबरोबर बोट स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरते त्या दातेरी चक्रात, जातं. हे कधीही करू नको. रॉकेल नाही मिळालं तर डिझेलमध्ये ब्रश बुडवून चिखल काढ, पेट्रोल नको. कोरडी पुसून ९० नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूनं थेंब-थेंब सोड, जास्तीचं पुसून घे. मग खालच्या पट्टीत, दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध, बोटानं चेन वर-खाली कर. दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा हँडबुकात असतो. एकाच जागी बघून थांबू नको. चेन सगळीकडं सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत चार-पाच जागी बघ आणि जिथं सगळ्यात टाईट लागेल तिथं माप धर. तारेसारखी ताणलेली चेन चांगली वाटते, पण मागं माणूस बसला की ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. ॲक्सलचा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे चेन ताणायचे ॲडजस्टर खुणा बघून सारखेच फिरव, मग नट पुन्हा घट्ट आवळ.

आणि एक गोष्ट भलेभले विसरतात. मागं ड्रम ब्रेक असेल तर चाक मागं सरकल्यावर ब्रेकचा रॉड ताणला जातो. चेन झाली की चाक मोकळं फिरतंय का बघ, ब्रेकचा नट जुळव, पायाचा ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का तेही बघ.

वॉरंटी संपल्यावर ऑईलही घरी बदलता येतं. डब्यावर हँडबुकातला ग्रेड आणि जासो एमए किंवा एमए२ ही दुचाकीच्या ऑईलची खूण लिहिलेली हवी. आपल्या गाड्यांचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो, मोटारीचं ऑईल घातलं तर तो घसरायला लागतो. ड्रेन बोल्ट आवळताना जोर करू नको. ऐन उमेदीत मी पान्याला पाईप घालून आवळला होता. खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं, आटे बोल्टबरोबर बाहेर आले. नवीन आटे पाडून घ्यायला इंजिन उतरवावं लागलं, आणि गाडी माझी नव्हती, शेजाऱ्याची होती. दोन दिवस त्याला बसनं कामावर जावं लागलं. बोल्टचा वॉशर नवा घाल, आखूड पान्यानं आवळ, हाताला घट्ट लागला की थांब.

डिस्क ब्रेकचं ऑईल, पुढचे शॉक, आणि डॅशवर इंजिनचा दिवा लागला तर तो, हे शोरूमलाच दे. २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण-नियमाच्या गाडीत पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आहे, त्याला स्कॅनर लागतो. मात्र गाडी सोडताना जॉबकार्डवर काय करायचं ते तू सांगून लिहून घे, पॉलिश आणि असल्या ओळी नको असतील तर तिथंच खोडायला लाव. पैसे देऊन बदललेले पार्ट परत माग. ते मागायचा तुला हक्क आहे, लाजू नको.

काढलेलं काळं ऑईल परड्यात ओतू नको, तुमच्याकडं विहिरी आहेत. रिकाम्या डब्यात भर आणि कामावर येताना घेऊन ये की, मोठ्या गॅरेजात त्याचं पिंप असतं.