युद्धाचा देव कार्तिकेय, तर शांतीची देवता कोण?

शांतीची देवता म्हणून पुराणांत ‘शांती’ याच नावाची देवी आहे. मात्र ग्रीकांच्या आयरीनी या शांतिदेवतेसारखे तिचे स्वतंत्र देवस्थान वा पूजापरंपरा सहसा आढळत नाही. भागवताच्या चौथ्या स्कंधात दक्षाच्या ज्या तेरा कन्या धर्माला दिल्याचे सांगितले आहे, त्यांत श्रद्धा, मैत्री, दया यांच्याबरोबर शांतीही येते आणि तिचा पुत्र ‘सुख’ असल्याचे म्हटले आहे; विष्णुपुराणात मात्र तिच्या पुत्राचे नाव ‘क्षेम’ आहे. मुंबईत नवरात्रात घरोघरी आणि देवळांत ज्या दुर्गासप्तशतीचा पाठ होतो, तिच्या पाचव्या अध्यायातले ‘या देवी सर्वभूतेषु शान्तिरूपेण संस्थिता’ हे शब्द बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असतात, पण ही स्तुती शुंभ-निशुंभ या असुरांनी पराभूत केल्यावर देव करतात, म्हणजे ज्या देवीला ते शांतिरूप म्हणतात तिच्याकडूनच त्यांना युद्धाची अपेक्षा असते, हे सहसा ध्यानात येत नाही. कार्तिकेयाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे: तारकासुराचा वध करणारा तो देवांचा सेनापती असून, गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘सेनानीनामहं स्कन्दः’ (सेनापतींमध्ये मी स्कंद, म्हणजे कार्तिकेय) असे म्हटले आहे. तरीही त्याला केवळ युद्धदेव मानणे अपुरे ठरेल, कारण चेंबूरच्या छेडानगरातील मुरुगन (कार्तिकेयाचे तमिळ नाव) मंदिरात जाणारे तमिळ भाविक त्याला ज्ञान देणारा देव म्हणूनही पूजतात.