अंतर आहे, पण फरक नाही

विचारणा अशी आहे: सायकल शर्यतीच्या मराठी बातम्यांत एकाच निकालाबद्दल ‘4 सेकंदांचं अंतर’, ‘4 सेकंदांचा फरक’ आणि ‘4 सेकंदांची आघाडी’ असे तिन्ही प्रयोग दिसतात. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि मुळात अंतर सेकंदांत कसं मोजता येईल?

दुसरी शंका आधी निकालात काढू. वेळेत मोजलेलं अंतर मराठीला अजिबात परकं नाही. दोन भावंडांत तीन वर्षांचं अंतर असतं, आणि दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवा असं डॉक्टर सांगतात. तेव्हा सेकंदांचं अंतर बिनदिक्कत लिहावं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’. धावण्याच्या शर्यतीत हे शब्द एकमेकांच्या जागी चालून जातात, कारण जो पुढे तोच विजेता. टूर द फ्रान्ससारख्या अनेक दिवसांच्या शर्यतीत तसं नसतं. तिथे रोज एक टप्पा होतो, प्रत्येकाच्या रोजच्या वेळांची बेरीज होते आणि सगळ्यात कमी बेरीज असणाऱ्याच्या अंगावर पिवळी जर्सी चढते. त्यामुळे रस्त्यावर दिसतं ते एक आणि वहीत मांडलं जातं ते दुसरं. मी रस्त्यावरच्याला अंतर म्हणेन आणि वहीतल्याला फरक.

सपाट टप्प्याचा शेवट बघा. शंभर-दीडशे स्वारांचा घोळका एका लोंढ्यात रेषा ओलांडतो. पहिला पार होऊन शेवटचा येईपर्यंत बरेच सेकंद जातात. पण घोळका कुठे तुटला नसेल, तर सगळ्यांच्या नावे पहिल्याचीच वेळ लागते. एरवी दोन सायकलींमध्ये सेकंदाची फट पडली तरी तो नवा गट धरतात, आणि स्प्रिंटच्या, म्हणजे शेवटी घोळक्यातून सुसाट धाव घेऊन निकाल लागणाऱ्या टप्प्यांवर ही मर्यादा तीन सेकंदांपर्यंत सैल केलेली असते. म्हणजे पहिल्या आणि शंभराव्या स्वारात अंतर असतं, फरक नसतो.

याच्या उलट गंमत 18 ऑगस्ट 2024 रोजी झाली. महिलांच्या टूरचा शेवटचा टप्पा, शेवट आल्प द्युएझच्या चढावर. पोलंडच्या काशा निएविआदोमाच्या अंगावर पिवळी जर्सी होती आणि नेदरलँड्सची डेमी व्होलेरिंग तिच्यापेक्षा सव्वा मिनिट मागे होती. ही पिछाडी पाचव्या टप्प्यावरची देणगी. अमनेव्हीलला शेवट साधारण सहा किलोमीटरवर असताना व्होलेरिंग सायकलवरून पडली होती. शेवटच्या तीन किलोमीटरच्या आत पडली असती तर नियमानुसार तिला तिच्या गटाचीच वेळ मिळाली असती. तसं झालं नाही, आणि त्या दिवशी तिची पावणेदोन मिनिटांहून जास्त वाया गेली.

शेवटच्या दिवशी ग्लाँडों घाटात व्होलेरिंग निसटली. सोबत पाउलीना रोयाकर्स होती. तीही नेदरलँड्सची, पण दुसऱ्या संघाची. ती व्होलेरिंगच्या चाकाला चिकटून राहिली. वारा पुढचीने खायचा आणि दम मागचीने राखायचा, हा या खेळातला जुना व्यवहार. टप्पा व्होलेरिंगने जिंकला. निएविआदोमा आली ती 1 मिनिट 1 सेकंदाने. व्होलेरिंगला पहिल्या क्रमांकाचे 10 बोनस सेकंद मिळाले. आता 75 मधून 61 गेले, 10 गेले, उरले 4. त्या चार सेकंदांनी निएविआदोमाने टूर जिंकली.

आता त्या रेषेवर उभं राहून वाक्य लिहा: ‘व्होलेरिंग निएविआदोमाच्या 61 सेकंद पुढे होती आणि 4 सेकंद मागे राहिली.’ दोन्ही खरं आहे, पण वाचणारा बुचकळ्यात पडेल. तेच ‘रस्त्यावर 61 सेकंदांचं अंतर, एकूण वेळेत 4 सेकंदांचा फरक’ असं लिहिलं की डोकं खाजवावं लागत नाही. (जाता जाता: बोनस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिवाळी येते, काहीतरी वाढून मिळतं. इथे वेळ कमी होते. मी लिहिताना ‘10 सेकंदांची वजावट’ म्हणतो, पण ‘बोनस’ इतका रुळला आहे की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.)

‘अंतराने’ या रूपापासून मात्र जपून राहावं. 1989 च्या टूरचा शेवट व्हर्साय ते पॅरिस अशा 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलने, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लढायच्या टप्प्याने झाला. लॉरां फिन्याँकडे 50 सेकंदांची आघाडी होती. ग्रेग लेमाँडने त्या दिवशी त्याच्यापेक्षा 58 सेकंद कमी घेतले आणि 8 सेकंदांनी टूर जिंकली. पुरुषांच्या टूरमधला तो आजवरचा सगळ्यात कमी फरक. आता ‘दोघे 58 सेकंदांच्या अंतराने आले’ असं लिहिलं तर ते चुकीचंच ठरेल, कारण टाइम ट्रायलमध्ये स्वार एकेक करून सुटतात. लेमाँड आणि फिन्याँ दोन मिनिटांच्या अंतराने सुटले होते. ‘दर दहा मिनिटांच्या अंतराने गाडी आहे’ यातला ‘अंतराने’ तो हाच, आणि सुटण्याच्या वेळेला तोच चपखल बसतो. निकाल सांगताना ‘फरकाने’ म्हणावं.

क्रियापदांचीही खबरदारी हवी. ‘तिने अंतर कापलं’ म्हणजे ती तेवढा रस्ता चालून गेली. पुढचीला गाठत आणलं असं म्हणायचं असेल तर अंतर ‘कमी केलं’ किंवा ‘भरून काढलं’. आणि ‘अंतर देणं’ तर नकोच. सकाळी चार-पाच कमी धोक्याचे स्वार पुढे पळतात तेव्हा घोळका त्यांना मुद्दाम चार-पाच मिनिटं जाऊ देतो, दोरी हातात ठेवून. ते ‘घोळक्याने त्यांना अंतर दिलं’ असं छापून आलं की मला ‘देवा, आम्हाला अंतर देऊ नकोस’ आठवतं. तिथे ‘मोकळीक दिली’ किंवा ‘पुढे जाऊ दिलं’ म्हणावं.

‘आघाडी’ हा नात्यातला शब्द आहे, ती कुणाची तरी असते. व्होलेरिंगच्या बाजूने त्याच चार सेकंदांना ‘पिछाडी’ म्हणावं लागेल, तर ‘फरक’ दोघींचा सारखाच. शिवाय आघाडी शर्यत चालू असताना शोभते, वाढते, घटते, टिकते. शर्यत संपली की आघाडी उरत नाही. पुढे पळालेल्या गटालाही बातम्यांत ‘आघाडी’ म्हणतात आणि त्याला माझी हरकत नाही. वेगवेगळ्या संघांचे लोक तेवढ्यापुरते आळीपाळीने वारा खातात आणि रेषा जवळ आली की एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. ‘आघाडीत बिघाडी’ हा मथळा आपल्याकडे त्यासाठी तयारच आहे.

कुणीतरी ‘निसटता विजय’ही सुचवला आहे. निएविआदोमाच्या चार सेकंदांना तो उत्तम. पण 2024 च्या झ्युरिकच्या जागतिक स्पर्धेत तादेय पोगाचार शंभरेक किलोमीटर आधीच निसटला आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. तो निसटून मिळवलेला विजय होता, निसटता नव्हे.

राहिलं ‘सेकंदाने’ की ‘सेकंदांनी’. एका सेकंदाने, चार सेकंदांनी. अनुस्वार गाळू नये.