वकिली करायची तर दारू प्यावीच लागते का?

दोन वर्षांपूर्वी सनद घेतली, चेंबरमधले सगळे शुक्रवारी ‘बसतात’, मी पीत नाही, तर मागे पडेन का, असं तुम्ही विचारलंय. मी मुंबईत दिवाणी बाजूला प्रॅक्टिस करतो.

न पिण्याने कुणाचं काम अडलेलं मी पाहिलेलं नाही. अडतं ते तिथे नसल्याने. पुढच्या आठवड्यात कुठल्या मॅटरला कोण उभं राहणार, वकिलांना कामं देणाऱ्या कुठल्या सॉलिसिटरशी कुणाची ओळख करून द्यायची, हे त्या टेबलावरच ठरतं. म्हणजे शेवटची लोकल गाठायची असलेला बदलापूरचा पोरगा आणि घरी लवकर जावं लागणारी ज्युनिअर मुलगी आपोआप बाहेर. हा दोष सरळसरळ सिनिअर मंडळींचा आहे. कामं चेंबरमध्ये, संध्याकाळी सहाला वाटता येतात.

अमेरिकेत तिथल्या बार असोसिएशनने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, हेझल्डन बेटी फोर्ड फाउंडेशन या व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थेबरोबर केलेली जवळपास 13 हजार वकिलांची पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली. 20.6 टक्के वकिलांचं पिणं धोक्याच्या पातळीवर होतं, आणि प्रमाण सर्वात जास्त होतं ते प्रॅक्टिसच्या पहिल्या दहा वर्षांत. म्हणजे तुमच्याच वयात.

मला जास्त काळजी वाटते ती झाकाझाकीची. सर आदल्या रात्रीच्या बैठकीमुळे घरी झोपलेले, आणि ज्युनिअर उभा राहून सांगतो, ‘माय लॉर्ड, सर दुसऱ्या कोर्टात आहेत.’ पासओव्हर मिळतो, म्हणजे मॅटर त्या दिवशीच जरा मागे ठेवलं जातं, आणि दुपारी पुढची तारीख पडते. साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने आलेला अशील फाईल छातीशी धरून कॉरिडॉरमध्ये उभाच. हे खोटं तुम्ही कोर्टापुढे बोलू नका, कुणीही सांगितलं तरी. ‘सर आज येऊ शकत नाहीत, तारीख द्यावी’ एवढंच सांगा.

शुक्रवारी जमेल तेव्हा जा, लिंबूसोडा घ्या, कामाचं बोलणं झालं की उठा. कारणं देत बसू नका, ‘मी घेत नाही’ एवढं पुरे. तेवढ्यावरूनही कामं बंद झाली, तर खुशाल दुसरं चेंबर बघा.

आणि बरोबरच्या कुणाचा सकाळी हात थरथरताना दिसला, तर त्याला एकटं गाठून बोला. चारचौघांत कळेल ही भीतीच माणसाला अडवते; त्या पाहणीतल्या वकिलांनीही मदत न घेण्याचं हेच कारण दिलं होतं. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना पूर्ण नाव सांगावं लागत नाही, आणि पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करतंय.