पहिल्या एमआरआयत न दिसलेला आजार आणि ग्राहक आयोगातील तक्रार

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन्स असल्याचे सांगून सोलापुरात अडीच वर्षे उपचार झाले. तेव्हाच्या एमआरआय अहवालात ‘वयानुरूप बदल’ एवढेच लिहिले होते. ते वारंवार तोल जाऊन मागे पडू लागले, म्हणून पुण्यात नवा एमआरआय काढला. त्यात ‘हमिंगबर्ड’ खूण दिसली आणि आजार पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, पार्किन्सन्ससारखा भासणारा मेंदूचा वेगळा आजार) असल्याचे निदान झाले. पहिल्या डॉक्टरांविरुद्ध दाद मागता येईल का?

उत्तर : दाद मागता येईल, परंतु निदान बदलले, एवढ्याच आधारावर तक्रार टिकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सांगितल्याप्रमाणे, डॉक्टरांचे वर्तन त्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या कसोटीवर तपासले जाते, नंतर कळलेल्या गोष्टींवरून नव्हे.

आपल्या प्रकरणात ही कसोटी फार महत्त्वाची आहे. पीएसपीमध्ये मध्यमेंदू आक्रसतो, त्याखालचा पॉन्स हा भाग मात्र बराचसा शाबूत राहतो. त्यामुळे मेंदूच्या मधोमध घेतलेल्या उभ्या छेदात हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यासारखी आकृती दिसते. आजाराच्या सुरुवातीला ती दिसेलच असे नाही, आणि पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय बहुधा सामान्यच येतो. म्हणूनच २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही ही खूण निदानाला केवळ पूरक मानली आहे. मुख्य भर सुरुवातीलाच होणारे पडणे, नजर वर-खाली फिरवण्यातील अडचण आणि लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरील मुख्य औषधाचा अपुरा परिणाम यांवर आहे.

तेव्हा सर्वप्रथम जुन्या एमआरआयची सीडी मिळवा. नुसता छापील अहवाल पुरणार नाही. ती एखाद्या स्वतंत्र न्यूरोरेडिओलॉजिस्टकडून (मेंदूची चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञाकडून) पुन्हा वाचून घ्या, आणि नवे निदान त्यांना आधी मुळीच सांगू नका. उत्तर ठाऊक असलेल्याला ती खूण सहज दिसते, आणि समोरचे वकील उलटतपासणीत नेमके हेच विचारतील. त्या चित्रांत मध्यमेंदूचा आक्रस खरोखर नसेल, तर अहवाल देणाऱ्याविरुद्धची बाजू तेथेच संपते. मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आपण पडण्याबद्दल वेळोवेळी सांगितले असेल, औषधाने फरक पडत नव्हता आणि तरीही फेरतपासणी न करता केवळ मात्रा वाढवली गेली असेल, तर माझ्या मते आपली खरी बाजू ती आहे, आणि ती केसपेपरवरूनच सिद्ध होईल. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आंतररुग्णांच्या नोंदी जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांपुरतेच असल्याने वडिलांना कधी भरती केले असल्यास ही मागणी याच आठवड्यात करा आणि तिची पोच ठेवा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार वादकारण (तक्रारीचे कारण) घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. दोष लगेच उघड होण्यासारखा नसेल, तर तो कळल्यापासून किंवा वाजवी दक्षतेने कळू शकला असता तेव्हापासून मुदत मोजता येते, असे श्रीखंडे प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. तरीही वडील प्रथम पडले तेव्हापासूनच मुदत मोजावी, असा बचाव होणार हे धरून विलंबमाफीचा अर्ज तक्रारीसोबतच जोडावा. तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगात करता येईल. उपचार सर्वच रुग्णांना पूर्णपणे मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयात झाले असतील, तर हा मार्ग बंद आहे.

भरपाईबाबत एक कटू गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. पीएसपी थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही; त्यामुळे आजाराच्या वाढीबद्दल भरपाई मागू नका. उशिरामुळे जे टाळता आले नाही, तेवढेच मागा: पडून झालेले अस्थिभंग, ठसक्यामुळे झालेला न्यूमोनिया, निष्फळ औषधांचा खर्च. यांतील प्रत्येकाची बिले आणि तारखा जुळवून ठेवा.