‘अनवाणी’, ‘जोडा’ आणि आयरिश पावले

पश्चिम आयर्लंडमधल्या अरान बेटांवरील जुन्या ग्रामजीवनाचे वर्णन मराठीत आणताना तिथल्या ‘पँपूटी’ या पादत्राणाला चप्पल म्हणावे की वहाण, आणि ‘कॉसनॉख्ता’ या आयरिश शब्दासाठी ‘अनवाणी’ चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे.

चप्पल काय किंवा वहाण काय, आज मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तळ आणि पट्टे असलेले उघडे पादत्राणच येते, म्हणून दोन्ही नकोत. पँपूटी म्हणजे गाईच्या न कमावलेल्या कातड्याचा एकच तुकडा, केसाळ बाजू बाहेर ठेवून पावलाभोवती दुमडलेला आणि कडेने दोरी ओवून आवळलेला. तिला ना टाच, ना खिळे. वाळली की ती कडक होई, त्यामुळे रात्री पाण्यात भिजत ठेवावी लागे. तिच्या मऊ तळामुळे चुनखडीच्या खडकांवर पाय नीट बसे आणि सांगाड्यावर कापड ताणून केलेल्या हलक्या होडीलाही इजा होत नसे. आयरिशमध्ये तिला ‘ब्रोग ऊर्लॅहिर’ असेही म्हणतात. ‘ब्रोग’ हा जोड्यासाठीचा सर्वसाधारण शब्द असल्याने ‘कच्च्या कातड्याचा जोडा’ हे मला सर्वांत जवळचे वाटते.

‘अनवाणी’ मात्र चालेल. संस्कृत ‘उपानह्’पासून वहाण आली आणि अनवाणी म्हणजे वहाणेवाचून, आयरिश शब्दात पादत्राणाचा उल्लेखच नाही, ‘कॉस’ म्हणजे पाय आणि ‘नॉख्त’ म्हणजे उघडा. आपल्या अनवाणीला नवसाचा वास आहे (तो तिथेही परका नाही, लॉख डर्ग या आयरिश तीर्थस्थळाची तीन दिवसांची यात्रा आजही अनवाणीच करतात), पण तिथल्या खेड्यातली मुले उन्हाळाभर तशी हिंडत ती जोडे झिजू नयेत म्हणून, आणि बायका चर्चला जाताना जोडे हातात धरून चालत व जवळ पोहोचल्यावर पायांत घालत. अशा ठिकाणी ‘अनवाणी’च्या शेजारी हातातले जोडेही दाखवावेत, म्हणजे व्रताचा गैरसमज होणार नाही.

जाता जाता आणखी एक सांगतो. एकट्या जोड्याला आयरिशमध्ये ‘लॅव्रोग’, शब्दशः ‘अर्धी ब्रोग’ म्हणतात, कारण जोडीने असणाऱ्यांपैकी एक म्हणजे अर्धे, असा तिथला हिशेब आहे. मराठीत ‘जोडा’ म्हणजे मुळात जोडीच, तरी ‘अर्धा जोडा’ लिहिले तर वाचकाला तो फाटलेला वाटेल. तिथे ‘एका पायातला जोडा’ लिहावे.