यादी आधी, पाठिंबा नंतर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

एकट्या अपक्षाला सभागृहात कोण विचारतं, असं तू लिहिलंस. डब्लिनच्या टोनी ग्रेगरीला विचारलं होतं. दोन्ही मोठ्या पक्षांनी.

पेशाने शिक्षक. गोदीतलं काम आटलेल्या, घरं मोडकळीला आलेल्या मध्य डब्लिनमधून 1979 साली महापालिकेवर गेला. फेब्रुवारी 1982 मध्ये आयर्लंडच्या संसदेत, डॉइलमध्ये, निवडून आला आणि निकाल त्रिशंकू लागला. चार्ल्स हॉहींच्या फिआना फॉइल पक्षाला 166 पैकी 81 जागा. मग समरहिल परेडवरच्या ग्रेगरीच्या कचेरीची पायरी हॉही चढले, त्यांचे प्रतिस्पर्धी गॅरेट फिट्झजेराल्डही चढले.

आता नीट बघ. ग्रेगरीने मंत्रिपद मागितलं नाही, यादी पुढे केली. मतदारसंघात 440 नवी घरं, बंदराची 27 एकर जागा सरकारजमा, रोजगार, शाळांना पैसा. हॉहींची सही घेतली, साक्षीदार म्हणून एका बड्या कामगार संघटनेच्या सरचिटणीसाचीही घेतली. आणि तो करार डॉइलमध्ये वाचून दाखवला! बंद खोलीत ठरलेलं कामकाजाच्या नोंदीत गेलं. मला विचारशील तर 440 घरांपेक्षा ही चाल जास्त हुशारीची. पुढे कुणी हात वर केले, तर सगळ्यांना दिसणार.

ग्रेगरीच्या पाठिंब्यावर आलेलं हॉहींचं सरकार त्याच नोव्हेंबरात पडलं आणि बरंचसं कागदावरच राहिलं. बाकीच्या गरीब वस्त्यांनी काय घोडं मारलं होतं, अशीही टीका झाली. ती अगदीच चुकीची नव्हती. तेव्हा लवकर सुरू होणारी कामं यादीत वर ठेव. सरकारच्या आयुष्याचा भरवसा धरू नकोस.

तो टाय लावत नसे, हेच पुष्कळांच्या लक्षात राहिलं. तसल्या गोष्टींच्या नादी लागू नकोस. 1986 साली रस्त्यावर माल विकणाऱ्या बायकांच्या आंदोलनात हमीपत्र लिहून द्यायला त्याने नकार दिला आणि दोन आठवडे तुरुंगात काढले, ते लक्षात ठेव. 2009 मध्ये वारला तोपर्यंत मतदारांनी त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही.

पुढच्या पत्रात जाहीरनामा नको. प्रभागातली पाच कामं लिही, आणि प्रत्येकापुढे खातं, अंदाजे खर्च आणि फाइल सध्या कुणाच्या टेबलावर अडकली आहे ते.

तुझा,
सर