इम्युलेटर म्हणजे 'नकली' नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर, जुने व्हिडिओ गेम चालवले तर त्याला इम्युलेशन (एका मशीनचे प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर चालवणं) म्हणायचं का, आणि ते करणाऱ्या इम्युलेटरला मराठीत काय म्हणावं. 'एफपीजीए म्हणजे ओरिजिनल, इम्युलेटर म्हणजे नकली' हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे. एफपीजीएत जुनी चिप नसते राव, कोऱ्या चिपमध्ये कुणीतरी जुनीचा अभ्यास करून लिहिलेलं सर्किट भरलेलं असतं आणि त्याचं चुकलं की तिथेही गेम गंडतो.

लॅटिनमध्ये 'एम्युलस' म्हणजे प्रतिस्पर्धी, टक्कर द्यायला उतरलेला. सिम्युलेटरमधला 'सिमिलिस' हा आपल्या 'सम'चा चुलतभाऊ, तो नुसता सारखा. आता गंमत बघा, आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० हे कॉम्प्युटर आणले, त्यांवर त्यांच्याच जुन्या १४०१ कॉम्प्युटरचे प्रोग्राम मायक्रोकोडच्या (हार्डवेअरच्या पोटात बसवलेल्या सूचनांच्या) मदतीने चालवायची सोय होती आणि इम्युलेशन म्हणायचे ते ह्याला! निव्वळ सॉफ्टवेअरने केलं तर ते सिम्युलेशन. म्हणजे 'हार्डवेअर आहे म्हणून इम्युलेशन नाही' म्हणणारे बरोब्बर उलटं बोलतायत.

'अनुकारक' शब्द सुचवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. 'अनु' म्हणजे मागून, आणि कायम मागून चालणारा कसला प्रतिस्पर्धी?

माझं मत 'बरोबरी'ला. फारसीत 'बर' म्हणजे छाती, 'बराबर' म्हणजे छातीला छाती भिडवून. हाच तो एम्युलस! शिवाय मराठीत 'बरोबर'चे दोन अर्थ, अचूक आणि सोबत, आणि ह्या सगळ्या भांडणाचं मूळ मला तिथेच दिसतं. फॅमिकॉम ह्या निन्टेंडोच्या जुन्या गेम मशीनमध्ये सीपीयूचा (मुख्य चिपचा) एक ठोका पडेतो चित्राची चिप तीन ठिपके पुढे जाते, दोघी एकाच वेळी. एफपीजीएतही ती सर्किटं खरोखर बरोबर, म्हणजे सोबत चालतात. सॉफ्टवेअरवाला बिचारा आधी सीपीयू थोडा पळवतो, मग चित्रवालीला तेवढं पुढे आणतो, मग आवाजवालीला, पाळीपाळीने, पण हिशोब नीट ठेवला तर उत्तर बरोबर, म्हणजे अचूक येतं. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये वरची स्कोअरची पट्टी स्थिर राहते आणि खालचं जग सरकतं ना, तिथे पट्टीतल्या नाण्यापाशी चित्र काढणं पोचलं की चिप खूण देते आणि मग गेम सरकवणं सुरू करतो. ती वेळ चुकली की पट्टी थरथरते, मग चुकवणारं सॉफ्टवेअर असो की एफपीजीए.

हां, मूळ प्रश्न राहिलाच. एफपीजीएवरचंही इम्युलेशनच. आणि मराठी शब्द म्हणाल तर मी 'बरोबऱ्या' सुचवला होता, दोघंतिघं हसले. हसू देत, 'अनुकारक' तरी कुठे कोण म्हणतंय.